दोन सूत

माझ्या वर्कशॉपात कटिंग मशीनच्या मागं एक काच वर्षभर भिंतीला टेकून उभी होती. चार फूट बाय पाच फूट, जाडी २३ मिलिमीटर, वजन १०० किलोच्या घरात. येणारा-जाणारा विचारायचा, "बुलेटप्रूफ हाय काय?" मी म्हणायचो, "न्हाई, दोन सूत जास्त हाय." समोरच्याला वाटायचं, मी चेष्टा करतोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, दुकानांच्या काचा, ऑफिसची पार्टिशनं, मध्येच कुणाचं तरी ग्रिल किंवा गेट. बावीस वर्षं झाली. आमची मापं इंचात आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला जरा वर. काच सूतभर कमी पडली तर सिलिकॉन भरायचं, जास्त झाली तर हिरा मारून पट्टी काढायची, टफन, म्हणजे तापवून कडक केलेली आणि मग कापता न येणारी असली, तर फ्रेम थोडी घासायची. 'बसवणं' म्हणजे 'बसवून घेणं', हेच शिकून आम्ही मोठे झालो. हॉस्पिटलातल्या आगरोधक काचेचं हे काम त्या सवयीच्या बरोबर उलटं निघालं.

राजारामपुरीत एका डॉक्टर मॅडमचं हॉस्पिटल आहे. मागच्या प्लॉटवर नवी पाच मजली विंग बांधायला काढली होती. खिडक्यांचं काम माझ्याकडंच होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री अर्धं कोल्हापूर खासबागेकडं धावलं, त्यात मीही होतो. लोक रस्त्यात उभे राहून रडत होते. त्यानंतर आठवड्याभरात मॅडमचा फोन आला. "आयसीयूच्या पार्टिशनला काच आहे ना ड्रॉइंगमध्ये, ती कसली आहे ते बघून सांगा मला. भंडाऱ्याची बाळं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत." जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली, त्याबद्दल त्या बोलत होत्या. त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ आहेत.

ड्रॉइंग काढून बघितलं. आयसीयू आणि कॉरिडॉरच्या मध्ये, आणि जिन्याच्या लॉबीला, अशा दोन ठिकाणी काच दाखवली होती. शेजारी एवढंच लिहिलेलं: 'फायर रेटेड ग्लास, १२० मिनिटे'.

मी दोन ठिकाणी भाव मागवले. एकाची काच सहा मिलिमीटरची, १२० मिनिटं. दुसऱ्याची पन्नास मिलिमीटरच्या वर, १२० मिनिटं. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मला काय वाटणार? दुसरा गिऱ्हाईक कापतोय. पहिलं कोटेशन मी खुशाल मॅडमना पाठवलं, वर "स्वस्तात मिळतंय" असंही लिहिलं. मॅडमनी ते पुण्याच्या फायर कन्सल्टंटना पाठवलं. साठी ओलांडलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांचा मला फोन आला.

"ही काच ई आहे की ईआय?"

मी म्हटलं, "साहेब, फायर रेटेड आहे."

"ते वाचलं मी. ई की ईआय?"

मला दोन्ही माहीत नव्हतं. त्यांनी फोनवर फार शिकवत न बसता विचारलं, "कोल्हापुरात फौंड्री बघितलीत का कधी आतून?" आता कोल्हापूरकराला हे विचारणं म्हणजे रंकाळा बघितलाय का विचारण्यासारखं. माझा मेव्हणाच शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर आहे. "मग एकदा भट्टीसमोर उभे राहून या," ते म्हणाले, "आणि पत्र्याच्या आडोशाला आणि विटेच्या आडोशाला काय फरक पडतो तो बघून मला सांगा."

गेलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मटण खायला बोलावलं की येत न्हाईसा, भट्टी बघाय आलाय व्हय?" भट्टीतून बिडाचा रस ओतत होते. चौदाशे अंशांच्या आसपासचा. मी आठ-दहा फुटांवर होतो. ठिणगी नाही, ज्वाळा नाही, मध्ये नुसती हवा, तरी तोंड भाजायला लागलं. मेव्हण्यानं मला पत्र्याच्या आडोशामागं ओढलं. पहिला मिनिटभर बरं वाटलं. मग पत्राच तापला आणि त्याची धग यायला लागली. तिथून पलीकडं विटेच्या भिंतीमागं गेलो, तर हात टेकून उभं राहता येत होतं. गुऱ्हाळावर चुलवणापाशी जाळ घालणारा माणूस ओल्या पोत्याचा आडोसा का करतो, ते मी लहानपणी बघितलं होतं. पण काचेशी त्याचा संबंध लावायचं डोक्यात कधी आलं नव्हतं.

सांगायचं तर ई म्हणजे काच जागेवर टिकते, फुटून पडत नाही, ज्वाळा आणि गरम धूर पलीकडं जाऊ देत नाही. पण उष्णता आरपार येते. ईआय म्हणजे त्याशिवाय पलीकडची बाजू तापत नाही. कसोटी अशी की, आगीच्या उलट बाजूचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी १४० अंशांहून जास्त आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांहून जास्त वाढता कामा नये. या दोघांच्या मधला ईडब्ल्यू नावाचा वर्गही असतो. त्यात काचेपासून एक मीटरवर येणारी धग चौरस मीटरला १५ किलोवॉटच्या आत ठेवायची असते. सहा मिलिमीटरवाल्याचं कोटेशन खोटं नव्हतं, अर्धं होतं. १२० मिनिटं काच उभी राहिली असती. कॉरिडॉरमधून पेशंटचा बेड ढकलत नेणारी सिस्टर मात्र उभी राहिली नसती.

आणि हॉस्पिटलात मुद्दा तोच आहे. ऑफिसात आग लागली की माणसं जिन्यानं पळतात. व्हेंटिलेटरवरचा माणूस कुठं पळणार? त्याला त्याच मजल्यावर आगीपासून तोडलेल्या शेजारच्या भागात ढकलत न्यायचं असतं, आणि ती वाट या काचेला लागूनच जाते.

कन्सल्टंट साइटवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काच कमीच केली. जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागाप्रमाणे १२० मिनिटांच्या भिंती लागतात. "त्या भिंतीत मोठी काच घालायचा हट्ट कशाला? विटेची भिंत आपसूक टिकते," म्हणून तिथं पक्की भिंत आणि फायर डोअर, त्यात बघण्यापुरती छोटी काच. आयसीयूच्या पार्टिशनला त्यांनी ईआय ६०, म्हणजे साठ मिनिटांची ईआय काच, ठरवली आणि खालची तीन फूट भिंत घ्यायला लावली. सिस्टर इन्चार्ज जरा नाराज झाल्या, त्यांना खालपर्यंत दिसायला हवं होतं. पण बेडवरचा पेशंट तीन फुटांच्या वरूनच दिसतो, हे त्यांना तिथंच स्टुलावर बसून, मान वळवून बघितल्यावर पटलं.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणतात, या बैठकीत एकदाच बोलले. "जाळीची काच लावू की. जुन्या शाळांत असायची." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. तार घातलेली काच ही आगीसाठी वापरलेली फार जुनी काच. तापली की तडकते, पण तार तुकडे धरून ठेवते. मात्र ती पण ईच. शिवाय धक्क्याला साध्या काचेपेक्षाही कच्ची, आणि आयसीयूच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्या आपटणारच. कन्सल्टंटनी मामांना हे सगळं सांगितलं. मामांनी मान हलवली, पण त्यांना जाळीच आवडली होती.

त्याच बैठकीत माझ्या चुकीच्या समजुतीही बाहेर पडल्या. मला वाटायचं टफन काच म्हणजे मजबूत, म्हणून आगीलाही मजबूत. साधी टफन काच आगीत काही मिनिटांत बारीक तुकडे होऊन खाली येते. साधी फ्लोट काच तर त्याआधीच तडकते, कारण मधला भाग तापतो आणि फ्रेमखाली झाकलेली कड थंड राहते. आणि ॲल्युमिनियम? ते साधारण ६६० अंशांना वितळतं. ज्या भट्टीत या काचा तपासतात ती अर्ध्या तासात ८४२ अंशांना आणि तासाभरात ९४५ अंशांना पोचते. म्हणजे काच कितीही भारी घ्या, ज्या सेक्शनवर माझी बावीस वर्षं पोटं भरली तो अर्धा तास व्हायच्या आतच पाणी होतो. या कामाला स्टील फ्रेम लागणार होती, तीही पोकळ नळीत आगरोधक बोर्ड भरलेली. नाहीतर फ्रेमच आतली उष्णता बाहेर आणते.

काचेच्या पुरवठादारानं टेस्ट रिपोर्ट पाठवला. मी आधी फक्त पहिलं पान बघितलं, सगळ्यांसारखं. कन्सल्टंटनी सगळा वाचायला लावला. हा रिपोर्ट काचेचा नसतो. अमुक जाडीची काच, अमुक फ्रेम, अमुक बीडिंग (काच फ्रेममध्ये धरून ठेवणारी पट्टी), अमुक अंतरावर स्क्रू, कड इतकी आत, खाली या सामानाचे ठोकळे, भोवतीनं ही पट्टी, अशा सगळ्या जोडणीचा असतो. यातलं एक बदललं की तो रिपोर्ट तुमच्या कामाचा राहत नाही. मान्य केलेल्या मापापेक्षा मोठी काच लावली तरीही तेच.

त्यात एक ओळ होती ती मी विसरणार नाही. चाचणीत भट्टीबाहेर उभा असलेला माणूस फटीत सहा मिलिमीटर जाडीचा गज घालून बघतो. गज आत जाऊन फटीच्या लांबीनं १५० मिलिमीटर सरकला, तर नापास. पंचवीस मिलिमीटरचा गज नुसता आत गेला, तरी नापास. सहा मिलिमीटर म्हणजे दोन सूत. मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दोन सुताला नापास? आमची सगळी जिंदगी नापास झाली म्हणायची."

ही काच ऑर्डर करताना अडचण अशी की ती साइटवर कापता येत नाही. काचेच्या पातळ थरांमध्ये सोडियम सिलिकेटचे थर असतात, डोळ्याला दिसत नाहीत. साधारण १२० अंशांना ते फुगायला लागतात, पांढरा फेस होतो, तोच उष्णता अडवतो. कड कापली की थरात हवा आणि ओल शिरणार, काच कडेपासून धुरकट होत जाणार. म्हणून कडेला कारखान्यातच पट्टी मारून येते. जे माप द्याल ते शेवटचं. आणि हातात यायला आम्हाला आठ आठवडे सांगितले. मॅडमना जानेवारीत विंग सुरू करायची होती. तेव्हा मी फ्रेम बसायची वाट न बघता, ड्रॉइंगवरच्या आणि टेपनं घेतलेल्या मापावर काचा ऑर्डर करून टाकल्या. घाई मॅडमची होती, पण निर्णय माझा.

मधल्या काळात फ्रेमचं काम चालू असताना फॉल्स सीलिंगवरून चांगलंच वाजलं. ड्रॉइंगमध्ये पार्टिशन सीलिंगपर्यंत होतं, वर स्लॅबपर्यंत दोन फूट मोकळे. त्या दोन फुटांतून एसीचे डक्ट, ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या, केबलचे ट्रे. कन्सल्टंट शिडीवर चढून बघून आले आणि म्हणाले, "आग खालून ईआय ६० काचेला नमस्कार करून वरून निघून जाईल." मग वर स्लॅबपर्यंत ब्लॉकची भिंत चढवली, डक्टला आगीत आपोआप मिटणारा फायर डॅम्पर घातला, नळ्या आणि केबल जिथून जातात ती भोकं रॉकवूल आणि फायर सीलंटनं बंद केली. हे सगळं झालं, आणि चौथ्या दिवशी एसीच्या पोरांनी एक ड्रेन पाइप राहिला म्हणून तीच भिंत ड्रिलनं फोडून, पाइप घालून, भोवतीनं वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवला. वर सीलिंग लागलं असतं तर ते कुणाला कधीच दिसलं नसतं. त्या बोळ्याचा फोटो माझ्याकडं अजून आहे, क्रीडा पानाचा आहे.

काचा आल्या त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पुणे-बंगळूर हायवेवरून पेट्या उभ्याच आल्या, आडव्या ठेवायच्या नाहीत. त्यातल्या थराला पन्नास अंशांच्या वरची उष्णता चालत नाही, म्हणून उन्हात ताडपत्री टाकून ठेवायचंही नाही. कोल्हापूरच्या डिसेंबरात ऊन काय असणार, असं मला वाटलं. पण ताडपत्रीखाली दुपारी हात घालून बघा म्हणजे कळेल. आम्ही त्या तळमजल्यावर पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात ठेवल्या, जमिनीपासून फळ्यांवर. आमच्या एका नव्या पोरानं काचेच्या कडेची चंदेरी पट्टी "घाण दिसाय लागली" म्हणून ओढायला घेतली होती. मामा त्याच्यावर असे ओरडले की वरच्या मजल्यावरचे गवंडी थांबले. जाळीवर अडून बसलेले मामा एव्हाना त्या पट्टीचे राखणदार झाले होते.

बसवताना आमच्या हातातल्या अर्ध्या वस्तू बाद झाल्या. काचेखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे पॅकिंग नाहीत, ते वितळले की काच खाली बसते आणि वरची कड फ्रेमच्या बाहेर येते. त्याऐवजी कठीण लाकडाचे नाहीतर कॅल्शियम सिलिकेटचे ठोकळे. दाबून बसणारं बीडिंग नाही, स्टीलचं आणि स्क्रूनं, रिपोर्टात दिलेल्या अंतरावर. रबरी गॅस्केट नाही, सिरॅमिक फायबरची पट्टी. भिंतीत प्लॅस्टिकचे रॉल प्लग नाहीत, लोखंडी अँकर. आणि फ्रेम-भिंतीच्या फटीत पीयू फोमचा डबा मारायचा नाही, तो आगीत स्वतःच पेटतो. मामांनी तो फोमचा डबा उचलून पिशवीत घातला आणि पिशवी स्वतःच्या गाडीला अडकवली, कुणी चुकून वापरायला नको म्हणून.

एकेक काच चौघांनी व्हॅक्युम कपनं उचलायची. प्रत्येक काचेचा बीडिंग लावायच्या आधी फोटो: खालचे ठोकळे, कडेची फट, पट्टी. बीडिंग लागलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून कन्सल्टंटनी फोटोशिवाय सही न करायचं आधीच सांगितलं होतं.

अकरा काचा नीट बसल्या. बारावी, खांबाला लागून असलेली.

तो आरसीसी खांब वरून खाली सरळ नव्हता. ओळंबा लावला तर खालच्या बाजूला बाहेर आलेला. मी माप वर आणि मध्ये घेतलं होतं, खाली घेतलं नव्हतं. फ्रेम खांबाप्रमाणं करावी लागली आणि तिच्यात काच मापापेक्षा सहा मिलिमीटर जास्त झाली. गंमत म्हणजे काच आत गेली. मामांनी हळूच ढकलली, ती सरकून जागेवर उभी राहिली. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन मिलिमीटर फट. रिपोर्टात हवी होती प्रत्येकी पाच.

"बसतंय की मालक," मामा म्हणाले.

आणि खरंच बसत होतं. बीडिंग लावलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी तिथं किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. डोक्यात हिशेब चालू होता. फोटो दुसऱ्या काचेचा पाठवता येईल. खांब तासता येणार नाही, त्यात सळ्या आहेत. मधला उभा दांडा सहा मिलिमीटर शेजारी सरकवला तर शेजारच्या काचेची कड झाकायला कमी पडते, म्हणजे एकाचं अंग झाकायला दुसऱ्याचं उघडं. मी फट मोजायला खिशातली स्टीलची पट्टी काढली. ती अर्ध्या मिलिमीटरची असेल. ती पट्टी फटीत घातली आणि मला तो भट्टीबाहेर गज घेऊन उभा असलेला माणूस आठवला. आगीत स्टील पसरणार, काच तडकून थर फुगणार, पसरायला जागा नाही म्हटल्यावर कड दाबून फुटणार. ही फट वाया गेलेली जागा नाही, काचेला हलायची जागा आहे, हे मला त्या क्षणी एखाद्या बिजागरीसारखं दिसलं.

मी कन्सल्टंटना फोन लावला आणि खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काढा." मग थोडं थांबून, "बरं झालं सांगितलंत."

नवी काच माझ्या पैशानं आली. पुन्हा आठ आठवडे. तोपर्यंत त्या चौकटीत दोन्ही बाजूंनी आगरोधक बोर्ड बसवून घेतला, पण विंग जानेवारीत सुरू झाली नाही. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

दारांचं काम सोपं वाटलेलं, ते शेवटपर्यंत छळत राहिलं. फायर डोअर आपोआप बंद झालं पाहिजे, म्हणून दार ओढून मिटवणारा क्लोजर. कडेला फुगणारी पट्टी. सगळं व्यवस्थित. विंग सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी गेलो तर आयसीयूचं दार पाण्याचा वीस लिटरचा जार लावून उघडं ठेवलेलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, ट्रॉली घेऊन आत-बाहेर करायचं दिवसातनं शंभर बार, हात मोडाय आलेत." त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी अलार्मला जोडलेलं मॅग्नेट लावलं. एरवी दार उघडं धरून ठेवतं, अलार्म वाजला की सोडतं. हे ड्रॉइंगमध्येच असायला हवं होतं. आगीची व्यवस्था नियमाप्रमाणं केल्याचा 'अ' नमुन्यातला दाखला लायसन्स असलेल्या एजन्सीनं दिला. आता दर जानेवारी आणि जुलैला ती चालू स्थितीत असल्याचा 'ब' नमुन्यातला द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात तशी तरतूद आहे. महापालिकेच्या अग्निशमन विभागाचे अधिकारी आले तेव्हा त्यांनी काचेच्या कोपऱ्यातला कारखान्याचा मार्क शोधला. रंगाऱ्यानं एका काचेवर तो रंगानं माखून टाकला होता. मी खिशातल्या ब्लेडनं खरवडून दाखवला.

ती दोन सूत जास्तीची काच वर्षभर पडून राहिली. कुठं लावता येत नाही, कापता येत नाही, भंगारवाला घेत नाही. गेल्या महिन्यात मेव्हणा आला होता. म्हणाला, "दाजी, एकदा पेटवून तरी बघूया." ही काही चाचणी नव्हे हे मला माहीत होतं. पण मलाही बघायचंच होतं.

काच अंगणात उभी केली, आधाराला लोखंडी घोडा लावला. मामांनी गॉगल चढवला आणि गॅसची ज्वाळा एका बाजूनं मधोमध धरली. अर्ध्या मिनिटात पुढची काच तडकली, टक् असा आवाज झाला. मग आत पांढरं उमलायला लागलं. आधी चिंचोक्याएवढं, मग भाकरीएवढं. उसाचा रस काहिलीत उकळायला लागल्यावर वर मळी चढते ना, अगदी तसं. बघता बघता पलीकडचे मामा दिसेनासे झाले, नुसती ज्वाळेची निळी झाक आणि सिलिंडरचा आवाज.

मी मागच्या बाजूला गेलो आणि जाळाच्या बरोबर समोर काचेवर तळवा ठेवला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटएवढी सुद्धा गरम नव्हती.

"मालक, हात हाय का गेला?" पलीकडून मामा ओरडले.

"हाय," मी म्हटलं. "धरा अजून."